गुलामाला कामगार म्हणणारं पुस्तक

मी कामगार आहे. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर साईडर. हजेरीला, पगाराच्या चिठ्ठीला, युनियनच्या पावतीला, सगळीकडं माझ्या नावापुढं हाच शब्द. हा शब्द मला कुणी ओवाळणीत घातलेला नाही. माझा पणजा गावात येसकर होता. त्याला कुणी कामगार म्हणत नव्हतं. तो मेलेलं ढोर ओढायचा, सांगावा न्यायचा, वेशीवर रात्र काढायचा आणि सांजच्याला दारोदार भाकरी मागायचा. त्याला पाळी नव्हती, सुट्टी नव्हती. राजीनामा द्यायची सोय नव्हती. जन्मालाच भरती आणि मेल्यावरच सुटका. येसकराचा कामगार व्हायला आमच्या घराला चार पिढ्या लागल्या. म्हणून या शब्दाला कुणी हात लावला की मला लगेच कळतं.

२०१५ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात या शब्दाला हात लागला. भूगोलाचं पुस्तक. त्यात एक नकाशा. नकाशावर मजकूर असा की गुलामांच्या व्यापारातून आफ्रिकेतली लाखो माणसं ‘कामगार’ म्हणून अमेरिकेच्या मळ्यांवर आली. एका काळ्या पोरानं ते पान पाहिलं, फोटो काढून आईला पाठवला. आईनं ते पान जगापुढं धरलं. बोंब झाली. मॅकग्रॉ-हिल नावाच्या प्रकाशन कंपनीनं चूक कबूल केली, मजकूर बदलला.

मला विचारायचंय, साखळदंडात जखडून जहाजाच्या तळाशी मालासारखा रचलेला माणूस कामगार कसा? त्याला भरतीचा कागद कुणी दिला? त्याची पोरं विकली, त्याची बायको विकली, तेव्हा त्याच्या हजेरीवर कुणी सही केली? शब्द बदलला की चाबूक नाहीसा होतो. पानावर रक्त दिसत नाही, नुसता नकाशा दिसतो आणि नकाशावर बाण.

आणि हा माझ्या धंद्याचाच मामला आहे, दोस्तहो. त्या माणसांना ज्या मळ्यांत मारून मुटकून राबवलं त्यातले कितीतरी मळे कापसाचे. टेक्सास १८४५ साली अमेरिकेत सामील झालं ते गुलामांचं राज्य म्हणूनच. १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध झालं, अमेरिकेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना पोचेना, आणि इकडं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईतले शेटजी रातोरात मोठे झाले. टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टन बंदरात तुम्ही सुटलात असं गुलामांना जाहीर सांगितलं गेलं ते १९ जून १८६५ ला. आजही टेक्सास हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त कापूस पिकवणारं राज्य आहे. आमच्या गोदामात कधीमधी अमेरिकेची गाठ येते. ब्लो रूमला पत्त्या तोडून गाठ फोडली की कापूस फुगून वर येतो. पांढरा शुभ्र. कापूस कुणाच्या हातानं वेचला ते सांगत नाही. ते पुस्तकानं सांगायचं असतं.

मग पुस्तकानं काय सांगायचं हे ठरवतं कोण?

आपल्याला वाटतं, ठरवत असतील कुणी मोठे प्रोफेसर. टेक्सासात ते ठरवतं राज्याचं शिक्षण मंडळ, आणि ते मंडळ निवडून येतं. १५ सभासद, १५ मतदारसंघ, चार वर्षांची मुदत, पगार शून्य. एकेका मतदारसंघात सुमारे १९ लाख लोकसंख्या. आणि निवडणूक पक्षाच्या चिन्हावर म्हणा की. तिथं चिन्ह नसतं, पण नावापुढं रिपब्लिकन का डेमोक्रॅट ते छापलेलं असतं. आधी पक्षाच्या आत प्राथमिक निवडणूक, मग नोव्हेंबरात खरी निवडणूक. मतपत्रिकेवर वर राष्ट्राध्यक्ष, खासदार, आणि खाली कुठंतरी शिक्षण मंडळ. २०१८ पर्यंत तर एकच खूण करून अख्ख्या पक्षाला मत द्यायची सोय होती. खाली कोण उभा आहे हे न वाचताच तो निवडून यायचा. मंडळ ठरवतं की कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं, प्रकाशक त्याबरहुकूम पुस्तक लिहितात. राज्याच्या सरकारी शाळांत पोरं सुमारे ५५ लाख. टेक्सास एकटंच नाही. कॅन्सस, अलाबामा, कोलोराडो, मिशिगन, युटा इथंही शिक्षण मंडळ पक्षाच्या निवडणुकीतून येतं.

हे सगळं मी आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गात मांडलं. आमचा अभ्यासवर्ग म्हणजे विहारामागची पत्र्याची खोली, एक ट्यूबलाईट आणि सात-आठ जण. रात्रपाळीचे अर्धे पेंगत असतात. पण त्या दिवशी कुणी पेंगलं नाही. आमचा वायरमन दोस्त तडकला. म्हणाला, “म्हंजे हात वर करून ठरवणार? गुलामगिरी झाली का न्हाई, माकडापासनं माणूस झाला का न्हाई, ह्येला मतदान? उद्या दोन अन् दोन किती ह्येला पण मतदान घ्या की!” कॉलेजात जाणारी एक ताई होती, ती म्हणाली, “दादा, निदान मत तरी हाय. आपल्या पोरांच्या पुस्तकात काय यावं ह्येला तुमचं मत कुणी कवा इचारलं?”

दोघंही खरं बोलत होते. म्हणून मी हे लिहायला बसलो.

आधी वायरमनचं म्हणणं घेऊ. कॅन्ससचं मंडळ १० सभासदांचं. १९९९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ६ विरुद्ध ४ मतांनी विज्ञानाच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचा बराच भाग काढून टाकला. शिकवायला बंदी नाही घातली. तेवढे ते हुशार. राज्याच्या परीक्षेला ते येणार नाही एवढीच सोय केली.

परीक्षेला येणार नाही! हे वाक्य मी फार जवळून ओळखतो. सातवीत असताना गुरुजी बलुतेदारी शिकवत होते. गाव म्हणजे एक कुटुंब. सुतार नांगर करतो, लोहार फाळ करतो, कुंभार मडकी करतो, महार राखण करतो, सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. मी हात वर केला. “गुर्जी, राखण करणाऱ्याला विहिरीवर का येऊ देत नव्हते?” गुरुजींनी खडू खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं, मग सगळ्या वर्गाकडं पाहिलं, आणि म्हणाले, “परीक्षेला येणार नाही ते विचारू नको.” ज्ञान मारायला पुस्तक जाळावं लागत नाही. परीक्षेतनं काढलं की बास. मास्तर पुढचं पान उलटतो, पोरगं गप बसतं.

पण कॅन्ससची गोष्ट तिथं संपत नाही, आणि इथून ताईचं म्हणणं सुरू होतं. पुढच्याच वर्षी, २००० साली, निवडणूक आली. लोकांनी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच त्यातल्या काहींना घरी बसवलं. २००१ च्या फेब्रुवारीत नव्या मंडळानं उत्क्रांती परत आणली. मग हे लोक पुन्हा बहुमतात आले. २००५ च्या नोव्हेंबरात पुन्हा ६ विरुद्ध ४ नं उत्क्रांतीवर शंका घेणारा अभ्यासक्रम पास केला. २००६ ला पुन्हा निवडणूक, पुन्हा काही पडले, आणि २००७ च्या फेब्रुवारीत पुन्हा ६ विरुद्ध ४ नं तो रद्द. आठ वर्षांत चार वेळा पोरांचं विज्ञान उलटंपालटं. तिसरीत एक खरं, अकरावीत दुसरं. हसू येतं. पण नीट बघा. कोण कुठल्या बाजूला हात वर करत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. नाव दिसत होतं. नाव दिसलं म्हणून त्याला पाडता आलं.

आता टेक्सास. २०१० साली तिथल्या मंडळानं इतिहास, समाजशास्त्र यांचा अभ्यासक्रम नव्यानं लिहिला. १५ पैकी १० रिपब्लिकन, ५ डेमोक्रॅट. त्याआधी २००९ साली मंडळानं नेमलेल्या तज्ज्ञांपैकी काहींनी सीझर चावेझ हे नाव पोरांना शिकवायच्या लायकीचं आहे का अशी शंका काढली होती. चावेझ कोण? शेतमजुरांची युनियन बांधणारा माणूस. थर्गुड मार्शल यांच्यावरही शंका. ते कोण? शाळांतला वंशभेद मोडणारा खटला लढलेले वकील, पुढं सर्वोच्च न्यायालयातले पहिले काळे न्यायाधीश. ही नावं अखेर टिकली, पण भांडून टिकवावी लागली. २०१० च्या मार्चमध्ये लॅटिनो माणसांची नावं घालायच्या सूचना एकामागून एक पडत गेल्या, तेव्हा मेरी हेलन बर्लांगा नावाच्या सभासद बाई संतापून सभेतून उठून गेल्या. गुलामांच्या व्यापाराला ‘अटलांटिक त्रिकोणी व्यापार’ म्हणायची टूम निघाली. त्रिकोणी! जणू भूमितीचा तास आहे. बोंबाबोंब झाल्यावर ती टूम मागं घ्यावी लागली. यादवी युद्धाची कारणं लिहिली त्यात प्रांतवाद आधी, राज्यांचे हक्क मग, आणि गुलामगिरी शेवटी. २१ मे २०१० ला मतदान झालं. ९ विरुद्ध ५. पाचही विरोधी मतं डेमोक्रॅटांची, आणि ते पाचही जण काळे किंवा लॅटिनो.

या बदलांचे एक पुढारी डॉन मॅकलेरॉय. धंद्यानं दातांचे डॉक्टर. दातांच्या डॉक्टरनं इतिहासावर बोलू नये असं मी म्हणणार नाही. मी रिंग फ्रेमवरचा माणूस, मी पण बोलतोच आहे. गंमत वेगळी आहे. मॅकलेरॉय २०१० च्या मार्चमध्येच आपल्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत थोडक्या मतांनी पडले होते. पण मुदत बाकी होती. लोकांनी नाकारलेला माणूस मे महिन्यात पोरांचा इतिहास ठरवायला खुर्चीवर बसलेला.

आठ वर्षं हा अभ्यासक्रम चालला. २०१८ च्या नोव्हेंबरात मंडळानं सुधारणा केली आणि गुलामगिरीचा विस्तार हे युद्धाचं मुख्य कारण, असं लिहून घेतलं. युद्ध संपून १५३ वर्षं झाली होती. त्याच २०१८ साली मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा इतिहास आणि २०२० साली आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा इतिहास, असे दोन विषय हायस्कूलला मंजूर झाले. हे रिपब्लिकन बहुमताच्याच मंडळानं केलं, कारण मास्तर, आया, विद्यार्थी वर्षानुवर्षं सभेच्या दारात उभे होते, माइकपुढं रांग लावत होते. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात याच मंडळानं ८ विरुद्ध ७ मतांनी लहान वर्गांच्या वाचनाचे असे धडे मंजूर केले की ज्यात बायबलच्या गोष्टी आहेत. सक्ती नाही, पण जी शाळा घेईल तिला पोरामागं ६० डॉलरपर्यंत जादा पैसे. एका मताचा फरक. त्या आठांत एक सभासद असा होता की जो निवडूनच आलेला नव्हता. डेमोक्रॅट सभासदाची जागा मधेच रिकामी झाली, तिथं राज्यपालानं वर्षाअखेरपर्यंत आपला माणूस बसवला होता. निवडणुकीच्या खुर्चीवर नेमणुकीचा माणूस, आणि त्याचं मत वजनदार.

आता मला सांगा, हे सगळं वाचताना तुम्हाला पुणे आठवत नाही? १९३२ आठवत नाही?

प्रश्न तोच आहे. मत देण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण माझ्या माणसाला निवडणार कोण? बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ का मागत होते? कारण त्यांना माहीत होतं, संयुक्त मतदारसंघात उमेदवार आपला असला तरी निवडणारं बोट त्यांचं असतं. पुणे करारातही प्राथमिक निवडणूक होती. आपण चार जणांची यादी निवडायची आणि त्या चारांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. जागा ७१ च्या १४८ झाल्या. आकडा दुप्पट झाला आणि चावी गेली. ज्याचा आवाज मोठा तो चारांत पडायचा, ज्याची मान खाली तो निवडून यायचा.

टेक्सासात पोटभेद उलटा आहे, पण हाड तेच. तिथं मतदारसंघाच्या रेषा विधिमंडळ आखतं, म्हणजे जो पक्ष बहुमतात तो आखतो. बरेचसे मतदारसंघ आधीच कुठल्या पक्षाचे ते ठरलेले. मग खरी लढाई नोव्हेंबरात होत नाही, ती मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीत होते, आणि तिथं मतदानाला येतात थोडे, पण कट्टर. काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतून त्यांची माणसं मंडळावर जातात. बोलतात, भांडतात, त्यांची मतं नोंदली जातात. आणि ९ विरुद्ध ५ नं पडतात. गुलामगिरी काय होती हे गुलामांच्या नातवंडांनी सांगायचं आणि मालकांच्या नातवंडांनी मतदानाला टाकायचं. प्रतिनिधित्व आहे, सत्ता नाही. हा विषय आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली दोन्ही सभागृहांत पास झाला होता. पास झाला तरी आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं मेली आणि नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडला. बहुमत आपल्या बाजूनं पडलं तरी सोळा वर्षं. विरुद्ध पडलं तर किती?

मग वायरमन म्हणाला तसं, निवडणूक नकोच? तज्ज्ञ नेमावेत?

नेमणुकीचंही एक राज्य बघा. कॅलिफोर्निया. तिथलं शिक्षण मंडळ ११ जणांचं, सगळे राज्यपाल नेमतो. त्यात एक विद्यार्थी. आणि हे राज्य आपल्या जवळचं, कारण तिथं भांडण आपल्यावरच झालं. २००५ साली सहावीच्या पुस्तकांत प्राचीन भारताचा धडा होता. वेदिक फाउंडेशन, हिंदू एज्युकेशन फाउंडेशन अशा संघटनांनी दुरुस्त्यांची यादी दिली. जातीबद्दल मवाळ लिहा, बायकांच्या दर्जाबद्दल मवाळ लिहा. समुद्र ओलांडून गेले तरी वरण-भाताबरोबर हेही घेऊन गेले. सुरुवातीला त्यातल्या पुष्कळ दुरुस्त्या सहज आत शिरत होत्या. मग इतिहासाचे अभ्यासक उठले, आणि आपले लोकही उठले. पत्रं गेली, साक्षी झाल्या. २००६ च्या मार्चमध्ये मंडळानं निकाल दिला, वादाच्या बऱ्याच दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. प्रकरण कोर्टात गेलं, पुस्तकं टिकली. २०१६ ला नवा आराखडा आला, तेव्हा पुन्हा तेच भांडण, पुन्हा साक्षी. या वेळी तिथंच वाढलेली आपली पोरंपोरी माइकपुढं उभी राहिली. जात लपवून वर्गात बसलेली पोरं सगळ्यांसमोर आपली जात सांगत होती, का, तर पुस्तकातनं जात पुसली जाऊ नये म्हणून. केवढी छाती लागत असेल त्याला.

म्हणजे बघा. निवडून आलेल्या मंडळानं गुलामगिरी तिसऱ्या नंबरावर टाकली, आणि नेमलेल्या मंडळापुढं जात जवळजवळ पुसली जात होती. दोन्हीकडं वाचवलं कुणी? दारात उभं राहिलेल्या माणसांनी. आणि त्यांना उभं राहता आलं, कारण दोन्हीकडं दार होतं. तारीख जाहीर होती, मसुदा जाहीर होता, बोलायला माइक होता, मतदान उघड होतं.

आपल्याकडं ते दार कुठं आहे? महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकाचं मंडळ, बालभारती, १९६७ साली सुरू झालं. त्याचे सभासद आपण निवडत नाही, सरकार नेमतं. दिल्लीतलंही तसंच. २०१९ साली नववीच्या इतिहासाच्या केंद्रीय पुस्तकातून एक धडा गेला, कपड्यांचा सामाजिक इतिहास. त्या धड्यात त्रावणकोरच्या शाणार बायांचा लढा होता. अंग झाकायच्या हक्कासाठी सवर्णांशी भांडलेल्या बाया. पोरांवरचं ओझं कमी करायचं म्हणून तो धडा गेला. ओझं हलकं करायचं म्हटलं की पहिल्यांदा आमच्या आयाबहिणीच कशा खाली उतरवल्या जातात? कॅन्ससमध्ये ६ विरुद्ध ४ असं सांगता येतं. इथं किती विरुद्ध किती? हात वर कुणी केला? कुणाला पाडायचं?

निवडणूक कागदावर अगदीच नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला व्यवस्थापन समिती दिली. पाऊण सभासद पालक, निम्म्या बाया, वंचित घरांना त्यांच्या संख्येप्रमाणं जागा. आमच्या वस्तीतल्या शाळेत माझी धाकटी बहीण आठवीला आहे. माझी आई त्या समितीवर आहे. आई समितीवर आहे हे आईला तीन महिन्यांनी कळलं, शिपाई सहीचं रजिस्टर घरी घेऊन आला तेव्हा. आईनं विचारलं, “बाबा, कशाची सही?” शिपाई म्हणाला, “मावशी, मीटिंग झाली, त्याची.” आई म्हणाली, “मी तर हितंच हाय.” शिपाई म्हणाला, “म्हणून तर आलोय.”

आईनं सही केली नाही. पुढच्या मीटिंगची तारीख विचारली. त्या दिवशी भांडी घासायची दोन घरं सोडून ती शाळेत गेली. खिचडीचा तांदूळ, संडासाचं दार, शाळेला कुंपण, एवढंच बोलणं झालं. पुस्तकात काय असावं हे ठरवायचा अधिकार त्या समितीला नाही, मला माहीत आहे. पण आईनं बहिणीचं इतिहासाचं पुस्तक पिशवीत नेलं होतं. तिला वाचता येतं ते अक्षर जोडून. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “ह्यात बाबासाहेबाचं पान हाय. ते वर्गात शिकवलं का घरी वाचायला सांगितलं, तेवढं लिवून द्या.” मुख्याध्यापकांनी लिहून दिलं नाही. पण आठवड्यानं बहीण घरी येऊन म्हणाली, आज ते पान वर्गात झालं.

टेक्सासातल्या त्या आईनं पान दाखवलं, माझ्या आईनं पान दाखवलं. दोघी कुठल्या मंडळावर निवडून आल्या नव्हत्या.

तरीही मी निवडणुकीच्या विरुद्ध नाही, हे स्वच्छ लिहून ठेवतो. मला निवडणूक हवी, नावं हवीत, मतांचा हिशेब हवा, कुणी हात वर केला ते छापून हवं. पण काही गोष्टी मताला टाकायच्या नसतात. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७ दर पाच वर्षांनी मतदानाला येतं का? नाही येत. का, तर ज्यांच्यावर अन्याय झाला ते मोजणीत नेहमी कमी भरतात, हे ज्यानं लिहिलं त्याला ठाऊक होतं. तसंच इतिहासाचं. गुलाम गुलाम होता, अस्पृश्य अस्पृश्य होता. हे आधी पक्कं. त्याच्यावर मग काय, किती, कुठल्या इयत्तेत, यावर खुशाल भांडा, निवडणुका लढवा. जोत्याला मतदान नाही, भिंतींना आहे.

डु बॉइस यांनी १९३५ साली ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहिलं, तेव्हा शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळांतली इतिहासाची पुस्तकं घेऊन तपासली. सुटलेल्या काळ्या माणसांबद्दल ती काय काय खोटं शिकवतात ते मांडलं. केवढा मोठा विद्वान, आणि पोरांची क्रमिक पुस्तकं चाळत बसला. कारण त्यांना कळलं होतं, कायद्यानं सुटलेला माणूस पुस्तकात पुन्हा बांधला जातो. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. आपली आणि त्यांची सोयरीक ही अशी जुनी आहे. पँथर हे नाव आपण १९७२ साली तिथूनच घेतलं. आता तिथून पुस्तक तपासायची सवयही घेऊ.

आणि ‘कामगार’ या शब्दाकडंही आपण नीट बघायला शिकू. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं होतं, अस्पृश्य माणसाला विणकाम खात्यात का घेत नाहीत? सूत तुटलं की तोंड लावावं लागायचं, म्हणून बाकीच्यांना विटाळ. सगळे कामगारच होते ना? लाल बावट्याखाली सगळे एकच होते ना? पण जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. तेव्हाही ‘कामगार’ या एका शब्दाखाली एक भिंत झाकली होती. टेक्सासच्या पुस्तकात त्याच शब्दाखाली साखळदंड झाकला. शब्द चांगला आहे, म्हणूनच लोक त्याची चादर करतात.

तेव्हा कामाचं बोलू. आपल्या वस्तीतल्या पोरांची चौथी ते दहावीची इतिहासाची पुस्तकं गोळा करा. प्रत्येक पान वाचा. जात कुठं आली आणि कुठं यायला हवी होती आणि नाही आली, ते वहीत पान नंबर टाकून लिहा. वर्गात कुठलं पान शिकवलं, कुठलं गाळलं, हे पोरांना विचारा. शाळेच्या समितीवर आपल्या आया आहेत का ते बघा, असतील तर त्यांना तारीख कळते का ते बघा. नवा अभ्यासक्रम यायचा झाला की मसुदा मागा, हरकत लिहा, खाली नाव-पत्ता घालून सही करा. निनावी हरकत कुणी वाचत नाही. आणि पुस्तक समितीवर कोण कोण आहे, कुणी काय बोललं, याची नोंद मागत राहा. पहिल्या वेळी देणार नाहीत.

येत्या रविवारी सकाळी दहाला पुस्तकं घेऊन विहारात या. रात्रपाळीवाल्यांनी झोप काढून बाराला आलं तरी चालेल. एक वही आणि लाल पेन आणा.

जयभीम.